6.5 क्रीडमूरसाठी बॅरल: कट की बटन, ट्विस्ट किती, फ्लूट पाडावेत का?

निशाण
6.5 क्रीडमूर काडतुसाची रायफल बनवून घेतोय. बोल्ट अ‍ॅक्शन आणि स्टॉक ठरले आहेत, बॅरलवर अडलंय. काम फक्त कागदी टार्गेटचं: 300 ते 900 मीटर, आडवं पडून, बायपॉडवर. बुलेट 140 ग्रेन वजनाची. रायफलिंग (नळीच्या आतले पीळदार खाचे) कट पद्धतीचं घ्यावं की बटन? पोलाद स्टेनलेस की क्रोम-मॉली? 1:8 ट्विस्ट (8 इंचांत एक पूर्ण पीळ) पुरेल का? लांबी 24 इंच ठेवू की 28? वजन कमी करायला फ्लूट, म्हणजे बॅरलवर बाहेरून उभ्या खाचा, पाडून घ्यायचा विचार आहे.

दहाचं_वर्तुळ
आधी ट्विस्टचं बघा, कारण तो चुकला तर बाकी सगळं उत्तम असूनही उपयोग नाही. ट्विस्ट ठरतो तो बुलेटच्या लांबीवरून. वजनाचा आकडा फक्त अंदाजाला. एकाच वजनाच्या दोन बुलेटांच्या लांबीत चांगलाच फरक असतो, म्हणून व्हर्नियर लावून मोजा.

ग्रीनहिलचं जुनं सूत्र: 150 गुणिले व्यासाचा वर्ग, भागिले लांबी, सगळं इंचांत. व्यास 0.264 आणि लांबी 1.35 धरली तर उत्तर येतं 7.7, म्हणजे 7.7 इंचांत एक पीळ. हे सूत्र थोडं सावध आहे. त्याच बुलेटला मिलरच्या सूत्राने 1:8 ट्विस्टवर स्थिरता गुणांक 1.75 च्या आसपास येतो, 1:9 वर जेमतेम 1.4. हा आकडा 1.5 च्या वर हवा. त्याखाली बुलेट लगेच गडबडत नाही, पण हवेत किंचित डुलते, वेग लवकर गमावते आणि लांबवर वारा जास्त खाते. 1 च्या खाली गेलात तर कागदावर गोल भोकाऐवजी लांबट फाटलेलं भोक दिसेल. तेव्हा 1:8 घ्या. पुढे 150 ग्रेनच्या लांब बुलेट वापरायच्या असतील तर 1:7.5 मागवा.

लेथवाला
कट की बटन, हा प्रश्न लोक उगाच मोठा करतात. दोन्ही प्रकारांनी उत्तम बॅरल बनतात. क्रीगर आणि बार्टलाइन कट करतात; लिल्या आणि शिलेन बटनने.

फरक पोलादातल्या ताणाचा आहे. कट पद्धतीत एकच हत्यार दर फेरीला अगदी बारीक थर खरवडतं, त्यामुळे धातूत नवा ताण जवळजवळ राहत नाही. बटन म्हणजे कार्बाइडचा गोळा; तो बोअरमधून (नळीच्या आतल्या भोकातून) दाबून नेतात आणि ग्रूव्ह, म्हणजे खाचे, उमटतात. दाबलेल्या धातूत ताण बसतो, म्हणून नंतर भट्टीत ताणमुक्ती करावीच लागते. ती नीट झाली नसेल आणि बाहेरून बरंच मटेरियल कातलं, तर आतलं बोअर मोकळं होतं. तोंडाकडे बारीक होत जाणारा टेपर दिलेल्या बॅरलमध्ये हे सर्वात जास्त तोंडाशी होतं, म्हणजे नेमकं जिथे नको तिथे. बुलेट बाहेर पडायच्या क्षणी तिला घट्ट पकड हवी असते.

म्हणून विक्रेत्याला दोन गोष्टी विचारा: बोअर पूर्ण लांबीभर किती एकसारखं आहे, आणि हाताने लॅपिंग (आतून घासून गुळगुळीत करणं) केलंय का. चांगल्या बनावटीत हा फरक 0.0002 इंचाच्या आत असतो. लॅपिंगमध्ये शिशाचा लॅप पुढेमागे फिरतो, त्यामुळे दोन्ही टोकं किंचित फाकतात. तोंडाकडचा साधारण इंचभर तुकडा कापून टाकायचा असतो. तेवढी जादा लांबी धरूनच ब्लँक (अजून न बसवलेलं कच्चं बॅरल) मागवा.

हातात आल्यावर तपासणी सोपी आहे. बोअरला हलकं तेल लावा, मऊ शिशाची गोळी मागच्या बाजूने बसवा आणि रॉडने सावकाश पुढे ढकला. हाताला कळतं: दाब सारखा लागला पाहिजे. तोंडाकडे किंचित घट्ट होत गेली तर चालेल. मध्येच सुळकन पुढे सरकली किंवा तोंडाशी सैल पडली, तर परत पाठवा.

निशाण
माझ्याकडच्या पर्यायांत एक बटन बॅरल आहे. विक्रेता म्हणतो, फ्लूट नंतर पाडून देतो.

लेथवाला
ते नको. फ्लूट हवेच असतील तर बनवणाऱ्याकडूनच, ताणमुक्तीचा क्रम सांभाळून पाडलेले घ्या. आणि फ्लूटने बॅरल जास्त ताठ होतं हा गैरसमज आहे. त्याच बाह्य व्यासाच्या भरीव बॅरलपेक्षा ते कमीच ताठ असतं. फायदा फक्त वजनात. तुमच्या कामाला साधं भरीव बॅरल घ्या.

दहाचं_वर्तुळ
लांबीबद्दल: ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो आणि लांबीच्या तिसऱ्या घाताने घटतो. म्हणजे त्याच जाडीचं 24 इंची बॅरल 28 इंचीपेक्षा दीडपटीहून जास्त ताठ. लांबीने वेग मिळतो, पण तोंड जड होतं. 26 इंच ठेवा, मध्यम-जड टेपरसह. सरळ 1.25 इंच जाडीचं 26 इंची बॅरल एकटंच 3.9 किलोच्या आसपास भरतं. बेंचवर ठीक, बायपॉडवर रायफल पुढे झुकते.

मटेरियल 416आर स्टेनलेस घ्या. लॅपिंग सुरेख होतं आणि थ्रोटची (चेंबरच्या पुढचा, बुलेट रायफलिंगमध्ये शिरते तो भाग) झीज थोडी उशिरा येते. तरी या कॅलिबरमध्ये अचूकतेचं आयुष्य साधारण 2000 ते 3000 फैरीच धरा. भरभर दहा-दहा फैरी झाडून बॅरल हात लावता येणार नाही इतकं तापवलंत तर त्याहून कमी.

लेथवाला
आता बसवण्याचं, कारण चांगली बॅरल इथेच वाया जातात. ड्रिल लांब भोकात थोडं भरकटतंच, त्यामुळे बोअर कधीच शंभर टक्के सरळ नसतं. गनस्मिथने बाहेरच्या गोलाईवरून नव्हे, बोअरवरूनच डायल गेज लावून लेथवर सेट करायला हवं, थ्रोटपाशी 0.0002 इंचाच्या आत. आतला बाक वरच्या बाजूला, बाराच्या ठोक्यावर ठेवायला सांगा. मग चूक उंचीत जाते आणि स्कोपचा आडवा क्लिक वाचतो.

चेंबर (काडतूस बसायची जागा) कापण्याआधी गनस्मिथला दारू आणि प्रायमर नसलेली दोन डमी काडतुसं द्या, तुम्हाला हव्या त्या लांबीवर बुलेट बसवलेली आणि तुमच्या मॅगझिनमधून चालणारी. थ्रोट त्यावर कापला जाईल. नाहीतर बुलेट लँडपर्यंत (ग्रूव्हच्या मधल्या उंच पट्ट्यांपर्यंत) पोहोचवायला काडतूस इतकं लांब करावं लागतं की मॅगझिनमध्ये मावत नाही.

परत घेताना हेडस्पेस (बोल्ट मिटल्यावर काडतुसाला लांबीत मिळणारी जागा) समोर तपासा: बोल्ट 'गो' गेजवर सहज मिटला पाहिजे, 'नो-गो'वर मिटता कामा नये. शेवटी क्राउन, म्हणजे बॅरलच्या तोंडाची कातलेली कड, भिंगाखाली बघा. ग्रूव्हच्या एकाही कडेवर बर, म्हणजे धातूचा बारीक कंगोरा, राहिला असेल तर तो बुलेट बाहेर पडताना गॅस एका बाजूने आधी सोडतो आणि ग्रुप उघडतो, म्हणजे भोकं टार्गेटवर विखुरतात. कापसाचा बोळा तोंडातून आतून बाहेर ओढा; धागा अडकला तर क्राउन पुन्हा कातून घ्या.