पहिली चकमकीची रायफल : कारखान्याची घ्यावी की माणसाच्या हातची?

लेहायकर
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात एक किडा वळवळतोय, शेवटी इथे सोडतो. मी पेनसिल्व्हेनियात लेहाय व्हॅलीत राहतो, सहा वर्षं झाली. इथे ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवसापासून जानेवारीत हरणांचा एक खास सीझन असतो, त्यात फक्त फ्लिंटलॉक चालते, १९७४ पासून चालू आहे हे. म्हणजे घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा, तो पोलादी पट्टीवर आपटतो, ठिणग्या बाजूच्या वाटीतल्या रंजकेत म्हणजे बारीक दारूत पडतात, तिथून कानातून, म्हणजे नळीच्या बाजूच्या भोकातून, आग नळीत जाते आणि मग बार. नियमही मजेशीर आहे, १८०० च्या आधीची असली पाहिजे किंवा तशा बनावटीची नक्कल, आणि हरणासाठी नळीचं भोक पॉईंट ४४ इंचाच्या खालचं नाही चालत.

ऑफिसमधल्या एका म्हाताऱ्या कलीगने रेंजवर नेलं, पहिल्या बाराला मी डोळे मिटले, दुसऱ्याला पण मिटले, तिसऱ्याला कागदाला भोक पडलं आणि मी गेलो कामातून.

आता स्वतःची घ्यायची आहे. बजेट दीड हजार डॉलर, फार तर थोडं वर. माझं मत सांगतो मग तुम्ही धुवा. मला कारखान्याची नकोय. ही रायफल जन्मली ती इथेच, लँकेस्टर, रेडिंग, नाझरेथजवळचं ख्रिश्चन्स स्प्रिंग, जर्मन लोहार-सुतार आले, त्यांच्याकडची आखूड येगर रायफल त्यांनी लांब केली, बारीक केली, मेपलचा दस्ता लावला आणि नाव मात्र पडलं केंटकी! बनवली पेनसिल्व्हेनियाने, नाव झालं केंटकीचं. तर अशा गावात राहून मी इटलीतनं आलेली खोक्यातली बंदूक का घेऊ? कोणीतरी एका माणसाने बनवलेली हवी, ज्याला फोन करून विचारता येईल की बाबा रे हे असं का केलंस.

नळी_फुंकली_सोनारे
साहेब, हे सगळं वाचायला छान आहे पण पहिली बंदूक आणि पहिलं लग्न यात फरक असतो, पहिली बंदूक बदलता येते. पेदेरसोली घ्या आणि मोकळे व्हा. १९५७ पासूनची कंपनी आहे, गार्दोने वाल त्रोम्पिया म्हणजे इटलीतलं बंदूकवाल्यांचंच खोरं, पिढ्यान्‌पिढ्या दुसरा धंदा नाही त्या गावांना. प्रत्येक नळी सरकारमान्य प्रूफ हाऊसमध्ये जास्तीची दारू भरून उडवून बघतात आणि मग शिक्का मारतात. अमेरिकेत असलं सक्तीचं प्रूफ नाहीच मुळी. तुमच्या त्या 'एका माणसाने' नळीला शेपूट, म्हणजे मागचं बूच, नीट बसवलंय की नाही हे कोण तपासणार, तुम्हीच ना, गाल टेकवून?

आणि हातची रायफल अडीच-तीन हजारांच्या खाली सुरू होत नाही, वर वाट बघा. मी एकाला अर्धे पैसे आगाऊ दिले होते, नाव नाही घेत. पहिल्या वर्षी म्हणाला लाकूड वाळतंय, दुसऱ्या वर्षी म्हणाला खांदा दुखतोय, तिसऱ्या वर्षी फोन उचलायचा बंद. कारखान्याला खांदा नसतो.

अर्धवट_सुतार
कारखाना की माणूस हा प्रश्नच चुकीचा टाकलाय राव. मधला रस्ता आहे की. ओहायोचे जिम किबलर, त्यांचं किट घ्या. नळी, लॉक (म्हणजे घोडा, पट्टी, वाटी सगळं असलेला चाप), दस्ता सगळं कॉम्प्युटरच्या मशीनवर कापलेलं, आणि इतकं नेमकं की लॉक खाचेत ठेवलं की टक करून बसतं. मी हे नुसतं ऐकून सांगत नाहीये, मी स्वतः एक जोडली, आणि मी आयुष्यात त्याआधी फक्त एक चपलांचा स्टँड बनवलेला तोही डुलतो.

काम काय उरतं तर घासणं. पितळ कानशीने घासा, लाकूड पॉलिश पेपरने घासा, नळीवरचे मशीनचे वळ काढा. आणि शेवटी तो जादूचा भाग, नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये लोखंड विरघळवलेलं पाणी लाकडाला फासायचं, लाकूड हिरवट घाणेरडं दिसतं, वाटतं वाट लागली, मग हीट गन फिरवायची आणि त्या पट्ट्यापट्ट्यांच्या मेपलमधून एकदम वाघ बाहेर येतो. बायको बघायला गॅरेजमध्ये आली होती, ती पण दोन मिनिटं काही बोलली नाही, हे आमच्या घरात किती दुर्मिळ आहे ते मलाच माहीत.

किंमत साधारण पेदेरसोलीच्या तयार रायफलीइतकीच पडते. वुड्सरनर म्हणून मॉडेल आहे, पॉईंट ५० मध्ये घ्या, हरणाला बास.

नळी_फुंकली_सोनारे
@अर्धवट_सुतार, म्हणजे मशीननेच कापलेली ना शेवटी? मग पेदेरसोलीच्या मशीनने काय पाप केलंय? ओहायोची मशीन कारागीर आणि इटलीची मशीन कारखाना, वा रे न्याय 😄

अर्धवट_सुतार
मशीनचा मुद्दाच नाही हो, मशीनला काय कापायला सांगितलं हा मुद्दा. कारखान्याच्या बहुतेक रायफलींची नळी सरळ अष्टकोनी, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच जाडीची, म्हणजे मागे गरजेपेक्षा बारीक आणि पुढे गरजेपेक्षा जड. खांद्याला लावली की तोंड खाली जातं. जुनी नळी मागे जाड, मग कंबर, मग तोंडाशी परत थोडी फुगलेली असायची, ती हातात आपोआप तोलते. किबलरच्या लांब रायफलींना तशी नळी आहे. एकदा दोन्ही उचलून बघा, मग मला पावती पाठवू नका, पेढे पाठवा.

चकमकबुवा
दोघंही नळीवर भांडताय. फ्लिंटलॉकमध्ये नळी सगळ्यात शेवटची गोष्ट. बनवणारा निवडताना फक्त लॉक बघा, लॉक. नळी बहुतेक कोणाचीही बरी असते, पण लॉक वाईट असेल तर तुमच्याकडे बंदूक नाही, महागडी काठी आहे.

माझी पहिली एका मोठ्या दुकानातून घेतलेली, स्वस्तातली, पाचशेच्या आसपास. नाव जाऊ दे. ती पोलादी पट्टी इतकी मऊ की विसेक बारांत तिच्यावर चर पडले आणि ठिणगी गायब. रंजक उडायची तेव्हा बार नाही, बार व्हायचा तेव्हा इतका उशिरा की हरणाने मध्ये चहा घ्यावा. सगळा सीझन फुसका बार. मी समजत होतो माझंच चुकतंय. गार बदल, चामडं बदल, कान पिनने साफ कर. शेवटी साऊथ कॅरोलिनाच्या एल अँड आरचं बदली लॉक बसवलं आणि तीच बंदूक धडाधड वाजायला लागली. म्हणजे स्वस्त बंदूक अधिक लॉक अधिक वाया गेलेला सीझन, बेरीज करा आणि मग सांगा स्वस्त कुठे पडली.

दुकानात गेलात तर असं करा. परवानगी घेऊन, नळी रिकामी आहे हे गज घालून बघून, वाटीत काही न टाकता घोडा पाडा. अंधाऱ्या कोपऱ्यात. ठिणग्या पिवळट पांढऱ्या, जाड, आणि वाटीत पडून क्षणभर नाचल्या पाहिजेत. लाल आणि बारीक आल्या, इकडे तिकडे उडून गेल्या, तर दुकानदाराला नमस्कार करून बाहेर या.

एडिसनवाला
तुम्ही पेनसिल्व्हेनियावाले नशीबवान. १९६८ च्या फेडरल कायद्यात ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू भरायची, बंदूक 'फायरआर्म' या व्याख्येतच बसत नाही म्हणून तुमच्याकडे कुरियरवाला दारात ठेवून जातो. नदी ओलांडून आमच्या न्यू जर्सीत तीच बंदूक फायरआर्म, आयडी कार्ड काढा, बोटांचे ठसे द्या. तर इकडचं कोणी हा धागा वाचून उत्साहात किट मागवू नका, आधी राज्याचा कायदा बघा.

कुडाळकर
आमच्या आज्याकडे ठासणीची होती, शेती संरक्षणाच्या परवान्याची, रानडुकरांसाठी. ती मात्र केपवाली, म्हणजे घोडा छोट्या स्फोटक टोपीवर आपटतो ती, गारेची नव्हे. बनवणारा कोण हा प्रश्नच नव्हता, जी मिळाली ती. आजोबा दारू हाताच्या अंदाजाने भरायचे आणि गजाने ठासताना आम्हा पोरांना पडवीच्या बाहेर उभं करायचे. निवडणूक आली की आचारसंहितेत ती पोलीस स्टेशनला जमा करायची आणि नेमकं तेव्हाच डुकरं भातात, त्यांना कोणी सांगायचं कोणास ठाऊक.

एक विचारायचं होतं, भारतात बनलेल्या चकमकीच्या बंदुका पण अमेरिकेत विकतात म्हणे? स्वस्त असतात ना? आपल्या माणसाला चार पैसे मिळतील.

चकमकबुवा
@कुडाळकर, असतात. पण त्या बहुतेक मस्केट, म्हणजे नळीच्या आत पीळ नाही. ब्राऊन बेस वगैरे ब्रिटिश सोजिरांच्या नकला, इतिहासाचे खेळ करणारे लोक घेतात. आणि बऱ्याचदा कान न पाडताच येतात, म्हणजे कागदोपत्री शोभेची वस्तू. मग इथला विक्रेता नाहीतर गिऱ्हाईक स्वतः ड्रिलने भोक पाडतं. नळी कशाची आहे, कोणी तपासली आहे, कान पाडल्यावर जबाबदारी कोणाची, सगळं अधांतरी. काहींच्या वर्षानुवर्षं चालल्यात हेही खरं. पण पहिल्यांदा घेणाऱ्याला मी नाहीच सांगणार. देशप्रेम ठीक आहे, गाल आपला आहे.

पुणेरी_पाटी
एवढी अक्कल आणि डॉलर खर्चून शेवटी करायचं काय तर एक हरीण मारायचं. सुपरमार्केट बंद पडली का तिकडची?

लेहायकर
@पुणेरी_पाटी, हा वाद वेगळा, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी तिथे येऊन शिव्या खाईन. माझ्याकडून अजून एकही हरीण मेलेलं नाही, सध्या फक्त कागद मरतायत.

दप्तरखाना
मला शिकार नको, बंदूक नको, पण भाषेसाठी आलो. रंजक, कान, गज, ठासणे हे सगळे शब्द एकाच धाग्यात जिवंत बघून बरं वाटलं, धागा अक्षरशः रंजक झालाय. आपल्याकडे तोड्याच्या बंदुका, म्हणजे जळत्या वातीच्या, खूप काळ टिकल्या आणि चकमकीच्या आल्या त्या मुख्यतः कवायती पलटणींमधून, इब्राहिमखानाचे गारदी हे त्यातले ठळक. तोड्याला वात सतत पेटती ठेवायची कटकट, पण गार झिजली, पट्टी मऊ पडली ही भानगड नाही. चकमकबुवांचं रडगाणं वाचून तोडेवाले हसले असते.

जुनं_ते_सोनं
कोणीच सेकंडहँड म्हणत नाहीये म्हणून मी म्हणतो. दीड हजारात नवी हातची येत नाही, पण वापरलेली येते कधी कधी. मिनेसोटाचं ट्रॅक ऑफ द वुल्फ, तिथे लोकांच्या जुन्या रायफली कन्साइनमेंटवर, म्हणजे दुकानाने विकून द्यायला ठेवलेल्या, असतात, प्रत्येकीचं वजन, दस्त्याची लांबी, नळीच्या आतल्या पिळाची अवस्था सगळं लिहिलेलं. किंवा इंडियानात फ्रेंडशिप गावाला जा, ठासणीवाल्यांची राष्ट्रीय संघटना आहे, १९३३ ची, तिच्या जून आणि सप्टेंबरच्या मेळाव्याला. तिथे बनवणारेच समोर बसलेले असतात. म्हातारे लोक खांदे गेले म्हणून विकतात, आणि त्यांनी ती जिवापाड जपलेली असते.

नाव कोरलेलं नसलं तरी विचारा लॉक कोणाचं, नळी कोणाची. चेंबर्सचं सिलर लॉक, राईस किंवा ग्रीन माउंटनची नळी असं उत्तर आलं की बनवणाऱ्याने सामानात चोरी केलेली नाही. मग तो नावाजलेला नसला तरी चालेल.

नळी_फुंकली_सोनारे
वापरलेल्यात आत गंज असतो. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते, एक रात्र धुवायची राहिली की नळीत खड्डे. नवशिक्याला ते कळणार कसं? इतका आत्मविश्वास कुठून आणता बुवा.

जुनं_ते_सोनं
घट्ट चिंधी गजाला लावून आत सरकवायची. एकसारखी गेली तर ठीक, मध्येच कुरकुरली तर सोडून द्यायची. यात नवशिक्या-जुनशिक्या काही नाही. आणि नवी घेतली तरी धुवायचीच आहे ना, गरम पाणी, साबण, तेल, त्याच संध्याकाळी. जो हे करणार नाही त्याने कोणाचीही घेतली तरी दोन वर्षांत तीच गत.

अर्धवट_सुतार
आणि दारूचा विषय काढलाच आहे तर, खरी काळी दारू मिळते का ते आधी बघा. पायरोडेक्स वगैरे पर्याय ठिणगीने नीट पेटत नाहीत, त्यांना जास्त उष्णता लागते, ते केपवाल्यांसाठी ठीक. २०२१ मध्ये गोएक्सचा काळ्या दारूचा कारखाना बंद होणार म्हटल्यावर लोकांनी डबे साठवले होते, पुढच्या वर्षी एस्टेस या खेळण्यातली रॉकेटं बनवणाऱ्या कंपनीने तो घेतला तेव्हा जिवात जीव आला. बंदूक दीड हजाराची आणि भरायला काही नाही, असं नको व्हायला.

लेहायकर
सगळ्यांचे आभार, डोकं अजून फिरलं. आता खरं सांगायचं तर चकमकबुवांनी मला हलवलं, मी लाकूड आणि पितळ बघत होतो, लॉक कोणाचं हे एकदाही विचारलं नव्हतं. सोनारेंचं प्रूफवालं पण पटतंय. किटची मात्र भीती वाटते.

आणि हो, एक सांगायचं राहिलंच. मी डावखुरा आहे.

अर्धवट_सुतार
अहो!! हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं.

चकमकबुवा
घ्या. आता सगळा धागा परत पहिल्यापासून. उजव्या हाताची डाव्या खांद्यावरून मारलीत तर ती वाटी तुमच्या नाकासमोर भडकणार. मारतात लोक तशी, चष्मा लावून, पण पहिल्या दोन बारांना डोळे मिटणाऱ्याला मी तरी तो सल्ला देणार नाही. कारखान्याच्या डावऱ्या फार थोड्या. सिलर लॉक डाव्या हाताचं मिळतं, म्हणजे तुमचं ते 'एका माणसाने बनवलेली' परत शर्यतीत आलं.

नळी_फुंकली_सोनारे
आलं म्हणजे काय, तीन वर्षं थांबायची तयारी असेल तर आलं.

जुनं_ते_सोनं
वापरलेली डावरी क्वचित येते बाजारात, पण येते तेव्हा गिऱ्हाईकही थोडी असतात, घासाघीस जमते. तुमच्या कोपरापासून बोटापर्यंतचं माप घेऊन ठेवा, दस्त्याच्या लांबीसाठी, आणि मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझ्या ओळखीत एक डावरे आजोबा आहेत, पॉईंट ५०, मेपल, विकू की नको करत दोन वर्षं बसलेत.

लेहायकर
व्यनि केला. माप साडेतेरा इंच. आजोबांना म्हणावं अंधारा कोपरा तयार ठेवा, मी ठिणग्या बघायला येतोय.