क्रोशा पहिल्यांदाच शिकवणार आहे, सुरुवात कशी करू?

निळीशाई
दिवाळीच्या सुट्टीत सोसायटीतल्या पाचवी-सहावीच्या मुलांना आणि नुकत्याच निवृत्त झालेल्या दोन काकूंना क्रोशा शिकवायचं ठरलंय. तोरणं, रुमाल, बाळाच्या टोप्या मी बऱ्याच विणल्यात, पण शिकवलं कधीच नाही. सुई-दोरा कोणता आणायला सांगू? पहिली वस्तू कोणती घेऊ? एक मुलगी डावखुरी आहे, तिला कसं दाखवायचं?

लोकरीचा_गुंडा
तोरणाचा बारीक सुती दोरा आणि स्टीलची सुई आत्ता अजिबात नको. ५ मिमीची ॲल्युमिनियमची सुई आणि मध्यम जाडीची, घट्ट पिळाची लोकर आणायला सांगा. रंग फिका आणि एकच हवा. काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत. केसाळ लोकर उसवताना गुंतते, आणि शिकताना उसवावं तर सारखंच लागतं.

पहिल्या दिवशी फक्त साखळी. नवखे साखळी इतकी आवळतात की पुढच्या ओळीत सुई शिरतच नाही. अशांना पायाच्या साखळीपुरती ५.५ मिमीची सुई द्या. "सैल विण" असं सांगून हात सैल होत नाही, जाड सुईने होतो.

आठळी
सुईचं पटलं. माझा आग्रह दुसऱ्याच गोष्टीसाठी आहे: टाका ओळखायला शिकवा. विणलेल्या ओळीचा वरचा काठ वेणीसारखा दिसतो. त्या वेणीचा एक पेड म्हणजे एक टाका, आणि सुई त्याच्या दोन्ही धाग्यांखालून घालायची. हे डोळ्यांना दिसू लागलं की मुलं चूक स्वतः शोधतात, दर दोन मिनिटांनी "ताई, हे बघा ना" होत नाही.

सगळ्यात जास्त रडवतात ते काठ. खांब म्हणजे सुईला एक वेढा घेऊन विणलेला उंच टाका. खांबाच्या ओळीच्या सुरुवातीच्या ३ साखळ्या म्हणजेच पहिला खांब. म्हणून पुढचा खांब शेजारच्या घरात (खालच्या ओळीच्या पुढच्या टाक्यात) घालायचा आणि परत येताना शेवटचा खांब त्या ३ साखळ्यांच्या डोक्यावर. तो सुटला की दर ओळीला एक खांब कमी होतो आणि चौकोनाचा त्रिकोण होतो. तिसऱ्या साखळीत सेफ्टी पिन अडकवून ठेवायला लावा आणि ओळ संपली की खांब मोजून घ्या. काकूंनाही मोजायला लावा!

पुणेरी_मावशी
पहिली वस्तू म्हणून मफलर देऊ नका, संपता संपत नाही. कपाखाली ठेवायचा छोटा चौकोन द्या, एका बैठकीत होतो. मी मुका खांब (सुईला वेढा न घेता विणतात तो) आधी शिकवते, कारण त्यात हाताच्या हालचाली कमी.

आठळी
मावशी, मुलांसाठी मी उलटं करते. मुक्या खांबाची वीण दाट असते, सुई कुठे घालायची ते सापडत नाही. उंच खांबात घरं स्पष्ट दिसतात आणि काम भराभर वाढतं, त्यामुळे मुलं टिकतात.

गोल मात्र चौकोन जमल्यावरच. तेव्हा हिशोब सांगा: खांबाचा गोल फेरीगणिक १२, २४, ३६ टाके असा वाढतो, मुक्या खांबाचा ६, १२, १८. वाढ कमी पडली तर वाटी होते, जास्त झाली तर झालर. टोपी कशी होते ते मुलांना इथेच कळतं.

सातासमुद्रापार
डावखुऱ्या मुलीला शेजारी नको, समोर बसवा. आरशात बघितल्यासारखं तुमचं बघून ती बरोबर विणेल. उजव्या हाताची मंडळी तुमच्या शेजारी.

मुलं घरी जाऊन यूट्यूब बघणारच, म्हणून एक सांगून ठेवा. आपला खांब अमेरिकन व्हिडिओत 'डबल क्रोशे' असतो आणि ब्रिटिश व्हिडिओत 'ट्रेबल'. ब्रिटिशांचा 'डबल' म्हणजे आपला मुका खांब. मी इंग्लंडात शिकवते, इथे हा घोळ रोज निस्तरावा लागतो.

निळीशाई
सगळ्यांचे मनापासून आभार. मुलांना उंच खांब, काकूंना मुका खांब, असं करून बघते. ५.५ च्या दोन सुया जास्तीच्या आणते. काकूंपैकी एकींची बोटं सांधेदुखीने आखडतात. रबरी मुठीची सुई कोणी वापरली आहे का? तिने खरंच आराम पडतो?