मदत हवी आहे: नगरपरिषदेच्या संकेतस्थळावरील मजकुराची जबाबदारी कार्यालयात कशी निश्चित करून घ्यावी?

नमस्कार.

आमच्या नगरपरिषदेच्या संकेतस्थळाच्या देखभालीचा करार लवकरच संपत आहे. नवी निविदा निघण्यापूर्वी नागरिकांनी आपल्या सूचना लेखी द्याव्यात, असे मुख्याधिकाऱ्यांनी सांगितले असून काही नागरिकांच्या वतीने ते टिपण तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. नगरपरिषदेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे सांगितलेल्या अडचणी राज्यातल्या बहुतेक लहान शहरांतील वाचकांना ओळखीच्या वाटतील आणि चर्चा एका कार्यालयाच्या दोषांभोवती फिरत राहू नये अशी माझी इच्छा आहे. ज्यांनी नगरपरिषदेत, महानगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत प्रत्यक्ष काम केले आहे, अथवा ज्यांनी अशा संस्थांसाठी संकेतस्थळे तयार करून दिली आहेत, त्यांच्या अनुभवाची मला विशेष गरज आहे.

आधी परिस्थिती सांगतो. मुखपृष्ठ दिसायला चांगले आहे. शहराची छायाचित्रे आहेत, पदाधिकाऱ्यांची ओळख आहे, वर सरकत जाणारी सूचनांची पट्टी आहे. मात्र घराच्या नोंदीवरील मालकाच्या नावात बदल करायचा असेल तर कोणती कागदपत्रे लागतात, अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा, शुल्क किती आणि दाखला किती दिवसांत मिळाला पाहिजे, हे शोधू गेल्यास काहीच हाती लागत नाही. ‘नागरिकांची सनद’ या नावाचे पान आहे, पण त्यात दिलेली अधिकाऱ्यांची नावे केव्हाच बदलून गेली आहेत. सर्वसाधारण सभेची इतिवृत्ते काही वर्षांची आहेत आणि मध्येच थांबलेली आहेत.

मालमत्ता कराच्या चतुर्थ वार्षिक, म्हणजे दर चार वर्षांनी होणाऱ्या, आकारणीची नोटीस हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. हरकती मागवणारी ती जाहीर नोटीस संकेतस्थळावर होती, हे खरे आहे. परंतु ती टंकलिखित कागदाची तिरकी स्कॅन केलेली प्रत होती, जावक क्रमांकाचा शिक्का नेमका हरकतीच्या अंतिम तारखेवर उमटला होता आणि धारिकेच्या नावात ‘स्कॅन’ या शब्दापुढे फक्त एक आकडा होता. असा कागद शोधयंत्राला सापडत नाही, मोबाइलच्या पडद्यावर वाचता येत नाही आणि दृष्टिहीन व्यक्तीच्या वाचक सॉफ्टवेअरला तर ते निव्वळ एक चित्र असते. नोटीस प्रसिद्ध केल्याची नोंद कार्यालयाच्या दप्तरी झाली, पण ज्याला हरकत घ्यायची होती त्याच्यापर्यंत ती पोहोचली नाही.

दुसरीकडे, पाणीपुरवठ्याची माहिती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. विभागाकडून एक चित्र येते आणि त्यावर ‘उद्या पाणीपुरवठा बंद राहील’ एवढेच लिहिलेले असते. तारीख नसते. ते चित्र एका गटातून दुसऱ्या गटात पुढे पाठवले जात राहते आणि प्रत्येक वाचणाऱ्यासाठी ‘उद्या’ निराळा असतो. पाणी आलेले असतानाही लोक भांडी भरून ठेवतात आणि ज्या दिवशी खरोखरच पाणी येत नाही, त्या दिवशी सूचना जुनी असेल असे समजून गाफील राहतात. हीच सूचना तारीख, वेळ आणि प्रभागासह आधी संकेतस्थळावर टाकून तिचा दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, तर पुढे पाठवलेल्या प्रत्येक संदेशातून वाचणारा ताज्या माहितीपाशीच येईल. विभागाचे काम यात फारसे वाढत नाही. तरीही हे होत नाही, आणि का होत नाही याचा शोध घेताना मी माझ्या मुख्य प्रश्नापर्यंत आलो.

मला जे समजले ते असे. कंत्राटदाराला देखभालीचे पैसे मिळतात ते सर्व्हर चालू ठेवण्याचे आणि आलेला मजकूर चढवण्याचे. मजकूर विभागांकडून यायचा असतो. कर विभाग, पाणीपुरवठा, बांधकाम, आरोग्य, जन्म-मृत्यू नोंदणी यांपैकी कोणत्याही विभागात ‘हे पान माझे आहे’ असे म्हणणारा कर्मचारी नेमलेला नाही. नगरपरिषद राज्य सेवेत संगणक अभियांत्रिकीचा स्वतंत्र संवर्ग आहे, परंतु त्या अधिकाऱ्याकडे बिलांच्या संगणक प्रणालीपासून छपाईयंत्रांपर्यंत सगळेच असते आणि पाणीपट्टीचा नवा दर त्याला कोणी कळवल्याखेरीज माहीत होण्याचे कारण नाही. पान शिळे झाले तर त्याबद्दल विचारायचे कोणाला, हेच ठरलेले नाही. माझ्या मते संकेतस्थळाच्या दर्जाचा सारा प्रश्न इथे अडलेला आहे, आणि रचना कितीही नवी केली तरी ही गाठ सुटल्याशिवाय वर्षभरात स्थिती पुन्हा तीच होईल.

नियमांची उणीव नाही, हे मी टिपणात प्रथम मांडणार आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ख) मध्ये स्वतःहून प्रसिद्ध करायच्या माहितीच्या १७ बाबी दिल्या असून ती माहिती दरवर्षी अद्ययावत करावी असे त्यातच म्हटले आहे. नागरिकाला माहितीचा अर्ज करण्याची वेळ कमीत कमी यावी, हा कलम ४(२) चा उद्देश आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार प्रत्येक अधिसूचित सेवेची कालमर्यादा, पदनिर्देशित अधिकारी आणि अपील अधिकारी यांची माहिती जाहीर करणे आवश्यक आहे. शासकीय संकेतस्थळांसाठीची जीआयजीडब्ल्यू ही मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली, आणि मजकूर कोणी द्यावा, कोणी तपासावा, कोणी मंजूर करावा व जुना झाल्यावर कोठे जतन करावा याची लिखित पद्धत असावी, अशी अपेक्षा त्यांत आहे. राज्य शासनाच्या २०२५ मधील १०० दिवसांच्या कार्यक्रमातील सात मुद्द्यांतही संकेतस्थळाचा समावेश होता. म्हणजे वरून सूचना पुरेशा आहेत, त्या खालच्या टेबलापर्यंत कशा उतरवायच्या एवढेच राहते.

यावर मी सुचवू पाहत असलेला उपाय साधा आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी तीन गोष्टी ठळक दिसाव्यात: त्या पानाला जबाबदार असलेले पदनाम, शेवटची दुरुस्ती झाल्याची तारीख आणि पुढील तपासणीची तारीख. व्यक्तीचे नाव देऊ नये, कारण बदली झाली की नाव खोटे ठरते, पदनाम मात्र टिकते. मुख्याधिकाऱ्यांनी विभागनिहाय कार्यालयीन आदेश काढून हे वाटप करावे, आणि तपासणीची तारीख उलटलेल्या पानांची यादी मासिक आढावा बैठकीत समोर ठेवली जावी. बैठकीत ज्या गोष्टीची विचारणा होते ती गोष्ट कार्यालयात हलते, एवढे माझ्या निरीक्षणात आले आहे. ही व्यवस्था कोणी प्रत्यक्ष राबवली आहे का? राबवली असल्यास ती पहिल्या काही महिन्यांनंतर टिकली का, आणि मुख्याधिकारी बदलून गेल्यावर तिचे काय झाले? कार्यालयीन आदेशाऐवजी सभेचा ठराव करून घेणे अधिक टिकाऊ ठरेल का, याबद्दलही मला जाणकारांचे मत हवे आहे.

दुसरा प्रश्न निविदेतील अटींचा आहे. संकेतस्थळाचा पत्ता नगरपरिषदेच्या नावावर आणि शासकीय डोमेनवर असावा, करार संपताना संपूर्ण मजकूर व माहितीसंच वापरता येईल अशा स्वरूपात हस्तांतरित करावा, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संगणक सुरक्षा संस्थेच्या सूचीतील संस्थेकडून सुरक्षा तपासणी करून घ्यावी, या अटी मी लिहिल्या आहेत. काही ठिकाणी पत्ता कंत्राटदाराच्याच नावावर घेतलेला असतो आणि वाद झाला की संकेतस्थळ एका रात्रीत नाहीसे होते, म्हणून पहिली अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. विभागातील लिपिकाला कंत्राटदाराची वाट न पाहता स्वतः सूचना चढवता आली पाहिजे, हीदेखील अट आहे. शेवटचा हप्ता कशाशी जोडावा, हे मात्र मला ठरवता आलेले नाही. ‘संकेतस्थळ सुरू झाले’ हा निकष निरुपयोगी आहे. त्याऐवजी पाच-सहा सामान्य नागरिकांना ठरावीक कामे देऊन, उदाहरणार्थ ‘विवाह नोंदणीसाठी लागणारी कागदपत्रे मोबाइलवर शोधा’, ती त्यांना विनासाहाय्य जमतात का हे पाहावे आणि न जमल्यास दुरुस्ती करून मगच देयक द्यावे, असे मला वाटते. अशी अट लेखापरीक्षणात टिकते का? तिची शब्दरचना कोणाकडे असल्यास फार मोठी मदत होईल.

तिसरा प्रश्न जुन्या मराठी मजकुराचा आहे. अनेक ठराव आणि उपविधी युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेले आहेत. त्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरीचे आकार बसवलेले असल्यामुळे पडद्यावर मराठी दिसते, परंतु शोधयंत्राला आणि वाचक सॉफ्टवेअरला त्यातून अर्थहीन अक्षरमालाच मिळते. परिवर्तनाची साधने उपलब्ध आहेत, तरी जोडाक्षरे, रफार आणि आकडे यांत चुका राहतात, आणि उपविधीतील एक आकडा बदलला तर अर्थ बदलतो. सगळे जुने दस्तऐवज एकदम हाती घ्यावेत, की लागू असलेले उपविधी व दरपत्रके आधी तपासून घेऊन बाकीचे स्कॅन प्रतींच्या स्वरूपात नीट नावे देऊन ठेवावेत? माझा कल दुसऱ्या मार्गाकडे आहे.

याला जोडूनच सुगम्यतेचा मुद्दा येतो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१७ च्या नियमांत, संकेतस्थळावरील दस्तऐवज ई-पब या ई-पुस्तकांच्या किंवा अक्षरओळख केलेल्या पीडीएफ स्वरूपात असावेत असे म्हटले होते. सुगम्यतेविषयीच्या त्या नियमाचे स्वरूप केवळ शिफारशीसारखे असल्याचे सांगून सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सक्तीचे निकष आखण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. लहान नगरपरिषदेने निदान नव्या नोटिसा तरी कागदावरून स्कॅन करण्याऐवजी मूळ टंकलेल्या धारिकेतूनच प्रसिद्ध कराव्यात, एवढी सुरुवात मी सुचवत आहे. सहीची प्रत सोबत जोडता येईल. कार्यालयात याला ‘सही-शिक्क्याशिवाय कागद बाहेर जात नाही’ हा आक्षेप घेतला जातो. त्याचे समाधान कोणी कसे केले, हे जाणून घ्यायला आवडेल, कारण हा आक्षेप आडमुठेपणाचा नसून कागदाच्या अधिकृततेची खरी काळजी त्यामागे आहे.

आणखी एक बाब नाजूक आहे. अनुदान योजनांचे लाभार्थी कोण, हे प्रसिद्ध करणे माहिती अधिकाराच्या त्याच कलम ४ मध्ये अपेक्षित आहे आणि ते योग्यही आहे, कारण यादी उघड असली की अपात्र नावांवर हरकत घेता येते. पण आमच्याकडे एकदा अशा यादीत लाभार्थ्यांचे बँक खाते क्रमांक आणि आधार क्रमांकही तसेच राहिले होते. आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करण्यास आधार अधिनियमानेच मनाई आहे. यादी काढून टाकली गेली, त्यानंतर मात्र कोणतीच यादी पुन्हा आली नाही. गोपनीयतेच्या भीतीने पारदर्शकताच बंद पडावी, हे मला पटत नाही. यादीत नाव, प्रभाग, योजना आणि मंजूर रक्कम एवढेच रकाने ठेवणारा एखादा ठरीव नमुना कोणत्या संस्थेने स्वीकारला असल्यास कृपया सांगावे.

वापराच्या मोजणीबद्दल थोडेच लिहितो. मुखपृष्ठावरील भेटींचा आकडा काहीच सांगत नाही. संकेतस्थळाच्या शोधपेटीत लोकांनी कोणते शब्द टाकले आणि त्यांना काहीच सापडले नाही, याची यादी दरमहा काढली तर पुढे काय लिहायचे ते आपोआप ठरेल, असा माझा अंदाज आहे. नागरी सुविधा केंद्राच्या खिडकीवर पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न तिथल्या कर्मचाऱ्यांना तोंडपाठ असतात. त्यांच्याशी बोलूनच पहिली पाने लिहावीत, अशी सूचना मी टिपणात ठेवली आहे.

उत्तर देताना आपला अनुभव नगरपंचायतीचा, नगरपरिषदेचा की महानगरपालिकेचा आहे हे कृपया नमूद करावे, कारण मनुष्यबळात फार फरक पडतो आणि महानगरपालिकेत स्वतंत्र संगणक विभाग असल्यामुळे जे जमते ते लहान कार्यालयात जमेलच असे नाही. कार्यालयीन आदेश, ठराव किंवा निविदेतील अट यांचा प्रत्यक्ष मसुदा देता आला तर नावे व क्रमांक वगळून द्यावा. टिपण निविदा मसुद्यासोबत जोडले जाणार असल्यामुळे, त्या आधी मिळालेले प्रत्येक उत्तर मला त्यात समाविष्ट करता येईल.

आपला आभारी आहे.