'आधी धर्म सोड, मग पुस्तकं माग' या उत्तराला माझं उत्तर

खाडीपलीकडचा
परवा इथे एका मुलाने विचारलं होतं: मी १९ वर्षांचा आहे, मुस्लिम आहे, मला मुलगे आवडतात, सुरुवातीला काय वाचू? विवेकनिष्ठ यांनी त्याला सांगितलं, "राज्यघटना वाच आणि हमीद दलवाई वाच. ज्या घरात तुला जागाच नाही त्या घरात खोली कशाला शोधतोस? आधी धर्म सोड, मग पुस्तकं माग." त्यावर वाहवा झाली. मुलगा तेव्हापासून गप्प आहे.

मी ४३ वर्षांचा, चिपळूणच्या बाजूचा. त्याच्या वयात मलाही प्रश्न होता, पण समाज काय म्हणेल हा नव्हता. मी पहाटे फजरला उभा राहतो ती नमाज कबूल होते का, हा होता. घरच्यांना कळल्यावर मला एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चार महिने गोळ्या दिल्या आणि अब्बांना सांगितलं, लग्न लावून द्या, सुटेल. (असे 'बदलवण्याचे' उपचार म्हणजे गैरवर्तन, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सांगितलं २०२२ मध्ये. तोवर माझी विशी-तिशी निघून गेली होती.) त्या चार महिन्यांत मला कुणी राज्यघटना दिली असती तर मी ती उशाशी ठेवून रडलो असतो. तिच्यावर माझा राग नाही. माझा प्रश्न तिच्या हद्दीतला नव्हता, एवढंच.

मला पुढे सापडला तो स्कॉट कुगल. अमेरिकन मुस्लिम अभ्यासक, 'होमोसेक्शुअ‍ॅलिटी इन इस्लाम', २०१०. समलिंगी संबंध हराम म्हणताना लूत पैगंबरांच्या कौमच्या (लोकांच्या) गोष्टीचा आधार घेतात; त्यातलं तिच्याविषयीचं विवेचन मी लोकलमध्ये उभ्याने वाचलं. पाहुण्यांवर जबरदस्ती, वाटमारी, पैगंबराला झिडकारणं, हे त्या कौमचे गुन्हे. दोन माणसांच्या राजीखुशीच्या प्रेमाबद्दल त्या आयती बोलत नाहीत, अशी त्याची मांडणी आहे. बहुसंख्य उलेमांना ती मान्य नाही, हेही त्या मुलाला लगेच सांगायला हवं. पण ती मांडणी अस्तित्वात आहे, कुराणाचा अभ्यास असलेल्या माणसाने केलेली आहे, हे कळणं आणि न कळणं यात माझ्यासाठी जगण्या-मरण्याचा फरक होता.

म्हणून त्या मुलाला सांगतो: आधी लूतवरचं वाच. मग समरा हबीबचं २०१९ चं आत्मकथन वाच, 'वी हॅव ऑलवेज बीन हिअर'. पाकिस्तानातून कॅनडात गेलेली अहमदिया घरातली मुलगी, ठरवलेलं लग्न मोडून पुन्हा मशिदीत परतते. सलीम किदवई आणि रूथ वनिता यांचं भारतातल्या समलिंगी प्रेमाचं संकलन (२०००) सावकाश वाच, जाडजूड आहे. मराठीत समलिंगी विषयांवर लिहिणारे बिंदुमाधव खिरे आहेत, पण तिथे तुला तुझी नमाज सापडणार नाही. आणि यातलं काहीही घरातल्या सामाईक मोबाइलवर वाचू नकोस.

विवेकनिष्ठ
माझं वाक्य कठोर होतं, पण खोटं नव्हतं. १८ एप्रिल १९६६ ला दलवाईंनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा विधानभवनावर नेला तेव्हा आयतीचा नवा अर्थ काढत बसले नाहीत. बाईवर अन्याय होतोय, कायदा बदला, इतकंच म्हणाले. चार वर्षांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ उभं राहिलं तेही त्याच पायावर. तुम्ही ग्रंथाला पंच केलंत की पंच कधी ना कधी उलटा निकाल देतो. पाकिस्तान बघा. २०१८ ला ट्रान्सजेंडर हक्कांचा इतका चांगला कायदा केला आणि १९ मे २०२३ ला फेडरल शरियत कोर्टाने त्याची मुख्य कलमं इस्लामविरोधी म्हणून काढून टाकली. मुहसिन हेंड्रिक्स, उघडपणे गे असलेले इमाम, तीस वर्षं दक्षिण आफ्रिकेत कुराणातूनच बोलत होते. १५ फेब्रुवारी २०२५ ला त्यांना भर दिवसा गाडीत गोळ्या घातल्या. कोणत्या तोंडाने सांगू त्या पोराला, की वाच, सगळं नीट आहे?

खाडीपलीकडचा
सगळं नीट आहे असं मी कुठे म्हटलं? आणि हेंड्रिक्स यांचं नाव असं वापरू नका. ते इमाम म्हणून जगले आणि इमाम म्हणून गेले. केप टाउनमध्ये ज्यांना नमाजेच्या कुठल्याच सफेत (रांगेत) उभं राहू देत नव्हते त्यांना त्यांनी नमाजला जागा दिली. त्यांच्या मरणातून "बघ, धर्म सोड" हा धडा तुम्ही काढताय, त्यांनी काढला नव्हता.

आपा_सोलापूर
सलाम. मी पाच वक्तची नमाजी बाई, शाळेत शिकवते. मन कुणाकडे ओढतं यावर कुणाचा ताबा नाही, आणि त्या ओढीसाठी कुणाला मारणं, घरातून काढणं हा मोठा गुन्हा आहे. पण अमल वेगळा, म्हणजे प्रत्यक्ष कृती. फिकहच्या (धर्मशास्त्राच्या) चारही सुन्नी मजहबांत यावर दुमत नाही. एका अमेरिकन प्राध्यापकाने चौदाशे वर्षांचं फिकह एका पुस्तकात बाजूला सारलं म्हणून ते सरत नाही. मुलाला आधार द्या, पण त्याला हवं ते दीनच्या नावावर विकू नका. खुन्साचं म्हणाल तर जन्मतःच शरीराचं लिंग स्पष्ट नसलेल्यांच्या वारशाचे, नमाजेचे, दफनाचे मसले आमच्या जुन्या किताबांत सविस्तर आहेत. ते अमेरिकेहून आणावे लागत नाहीत.

भायखळ्याची
आपा, पावपडती. किताबांत आम्ही हिजडे आहोत हे मलाही माहीत आहे. सूरह नूरच्या ३१ व्या आयतीत बाईची ओढ नसलेल्या पुरुषांचा उल्लेख आहे, मदिन्यात मुखन्नस (बायकी वळणाचे पुरुष) होते, सगळं ऐकलंय. पण मला हे कुठल्या किताबातून कळलं नाही. माझी गुरू तेरा रोजे मोजून झाल्यावर इफ्तारच्या वेळी सांगायची. ती हजला जाऊन आली होती, आणि आमच्याच घरात बहुचरामातेचा फोटोही होता. दोन्हींसमोर अगरबत्ती तीच लावायची. मी सोळाव्या वर्षी जालन्याहून पळाले तेव्हा हाताशी यादी नव्हती. तिचं दार होतं.

इराणचं कौतुक करणारे इथे येतीलच म्हणून आधीच सांगते. मरियम खातून मोल्कारा या ट्रान्स बाईने खोमेनींकडून शस्त्रक्रियेचा फतवा मिळवला, इजिप्तमध्ये १९८८ मध्ये मुफ्ती तंतावींनीही सॅली मुर्सी या ट्रान्स बाईच्या प्रकरणात फतवा दिला. बरं झालं. पण त्याच इराणमध्ये दोन पुरुषांच्या संबंधाला फाशी आहे, म्हणून ज्यांना शस्त्रक्रिया नकोच त्यांनाही तिकडे ढकललं जातं. ट्रान्सच्या हक्काने गे माणसाचा गळा आवळायचा, हे मला मंजूर नाही.

आणि तुमच्या यादीत खाडीवाले, सगळी इंग्रजी! माझं शिक्षण सातवी. मी काय वाचू?

दखनीमाणूस
हाच खरा मुद्दा. इंग्रजी पुस्तकं मुंबईच्या कॉलेजवाल्यांसाठी झाली. मुसलमानाला समजेल असं उर्दूत लिहा, मग बोला.

खाडीपलीकडचा
'मुसलमानाला उर्दू' हे वाक्य मी चाळीस वर्षं ऐकतोय आणि आता ऐकून घेणार नाही. माझ्या आजीला उर्दूचं अक्षर येत नव्हतं. ती कोकणी बोलायची, नमाजेच्या आयती अरबीत पाठ होत्या, आणि अल्लाहशी भांडायची ती कोकणीत. मदरशात मला उर्दूसाठी मार बसला. बाहेर शाळेत विचारायचे, तू मुसलमान, मग मराठी इतकी चांगली कशी? दोन्हीकडून हाकललेली ही भाषा आहे. मुस्लिम मराठी साहित्य संमेलनं कशासाठी भरवली लोकांनी?

दखनीमाणूस
तुम्ही कोकणातले, तुमचं तुम्हाला. आमच्या मराठवाड्यात घरात दखनीच चालते, आणि ती तुमच्या मराठीला लागूनच बसलेली आहे. आमच्या अम्मीचं 'नक्को' कुठून आलं? सिराज औरंगाबादी अठराव्या शतकात आमच्याच शहरात लिहीत होता, 'खबर-ए-तहय्युर-ए-इश्क' त्याचीच. त्याने पुरुषावरच्या प्रेमाबद्दल मसनवी (दीर्घकाव्य) लिहिली. तुमच्या कुगलनेही त्याच्यावर लिहिलंय, विचारा त्याला. आमच्याच शायराबद्दल आम्हाला अटलांटाहून कळावं ही शरमेची गोष्ट आहे, आणि ते झालं कारण तुमच्यासारख्यांनी 'आम्हाला उर्दू नको' म्हणत ती कपाटं बंद केली.

खाडीपलीकडचा
मी कपाटं बंद केली? मी? सिराज मलाही हवा आहे. पण देवनागरीत, खाली मराठी अर्थ देऊन. तुमच्या पुतण्याला तरी उर्दूची नस्तालिक लिपी वाचता येते का, खरं सांगा.

दखनीमाणूस
नाही येत. तो सेमी-इंग्रजीत आहे. पण ते दुःख तुमच्यासमोर उगाळायला मी इथे आलो नव्हतो.

विवेकनिष्ठ
मूळ प्रश्न बाजूला राहिला आणि भाषावाद सुरू झाला.

भायखळ्याची
राहू दे बाजूला. भाषाच मूळ प्रश्न आहे. मला २०१९ च्या ट्रान्सजेंडर कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडून प्रमाणपत्र मिळालं तेव्हा अर्ज भरायला एक मुलगा लागला, कारण त्यात काय विचारलंय ते मला कळेना. तुमचा पैगंबरांवरचा धडा मी कशी वाचणार?

परतलेली
मी आजवर इथे फक्त वाचत आले. आज राहवत नाही. इतके जण बोललात, त्या मुलाच्या वाट्याला जी मुलगी येईल तिचं नाव कुणी काढलं नाही.

माझा निकाह बाविसाव्या वर्षी झाला. माणूस सज्जन होता. कधी आवाज चढवला नाही, कधी जवळही आला नाही. मी तीन वर्षं स्वतःला आरशात बघत होते, की माझ्यात काय कमी आहे. सासू मला ताबीज आणून द्यायची, मूल होत नाही म्हणून. एका रात्री त्याने रडत सांगितलं. त्याच्या अब्बांना आधीपासून माहीत होतं. त्यांनीच घाई केली होती. १९३९ च्या आमच्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात नवरा नपुंसक असणं हे तलाकचं कारण आहे, नवऱ्याला पुरुष आवडतात हे कारण लिहिलेलंच नाही. शेवटी मी खुला (बायकोने मागून घेतलेला तलाक) घेतला, मेहर सोडली, आणि माहेरी परतल्यावर मोहल्ल्यात दोष माझाच निघाला. तो आता दुबईत आहे. त्याच्याबद्दल माझ्या मनात आज राग नाही. त्याच्या अब्बांबद्दल आहे.

तुमच्या यादीत एकही पान माझ्यासाठी नाही. त्या मुलाला पहिली ओळ ही द्या: लग्न करू नकोस. घरचे पायावर डोकं ठेवतील, अम्मी जेवण सोडेल, तरी करू नकोस. मग लूत वाच, सिराज वाच, दलवाई वाच.

आपा_सोलापूर
बाई, तुम्ही लिहिलंत ते दोनदा वाचलं. वरच्या माझ्या उत्तरात मी 'अमल वेगळा' म्हणाले, त्यावर पुढचा प्रश्न कुणी विचारला असता की मग त्याने आयुष्यभर करायचं काय, तर बहुतेक मी निकाहच सुचवला असता. माझ्या ओळखीत मी एकीकडे तसं सुचवलंही आहे. आता त्या घरी जाऊन ते शब्द परत घ्यावे लागतील. निकाहात दोन्हीकडची रजामंदी लागते, आणि लपवून घेतलेली रजामंदी ही रजामंदी नव्हे. एवढं मी फिकहमधूनच म्हणते.

खाडीपलीकडचा
परतलेली, माझी चूक. माझ्या अब्बांनी दोनदा मुलगी बघितली होती. मी पळालो म्हणून वाचलो, असं मी नेहमी सांगतो. ती मुलगीही वाचली, हे आजवर माझ्या तोंडून आलं नव्हतं.

विवेकनिष्ठ
ठीक. 'आधी धर्म सोड' हे मी मागे घेतो. १९ वर्षांच्या मुलाला, जो अजून बापाच्या पैशावर शिकतोय, ते सांगणं धोक्याचं होतं, इतकं मान्य. धर्माच्या आधारे धर्माशी लढता येतं हे मात्र मला मान्य नाही आणि ते तुम्ही माझ्याकडून वदवून घेऊ नका. पण लूतवरच्या त्या विवेचनाचा गोषवारा तुम्ही मराठीत लिहिलात तर शुद्धलेखन मी बघून देईन. दलवाईंवरचं एक पान शेवटी घाला.

खाडीपलीकडचा
घालतो. लिहिलेलं भायखळ्याच्या ताईंना फोनवर वाचून दाखवतो. त्यांना जे कळणार नाही ते काढून टाकतो.

दखनीमाणूस
सिराजचे शेर मी देवनागरीत उतरवून देतो. 'नक्को' काढलंत तर याद राखा.

पहिला_प्रश्न
तो प्रश्न मीच विचारला होता. सगळं वाचलं. विवेकनिष्ठ सर, तुमचा राग नाही आला, फक्त पुढे काय बोलायचं ते कळेना. लग्नाचं लक्षात ठेवेन, माझ्या मोठ्या भावाचं ठरतंय आणि पुढचा नंबर माझा असं घरात आत्तापासून बोलतात. मला अजून एकच विचारायचं होतं, आपांना. मागच्या रमजानमध्ये मी अर्धे रोजे सोडले, कारण वाटलं माझे मोजलेच जात नसतील. ते आता भरून काढले तर चालतील का?

आपा_सोलापूर
चालतील. कजा ठेव, सलग नाही जमले तर सुटे ठेव. कबूल करणारा तो आहे, मी नाही आणि तुझ्या मोहल्ल्यातलंही कुणी नाही. बाकी माझं मत तेच आहे. सहरीला नुसतं पाणी पिऊन झोपू नकोस, काहीतरी खा.