मदत हवी: चालवायला मजा येईल अशी छोटी गाडी, हायब्रिड की टर्बो? (नागपूर)

मानेवाडा_मॅन्युअल

राम राम मंडळी. बजेट ऑनरोड १५ लाख, फारच पटलं तर १८. महिन्याला साधारण हजार किमी. त्यातले तीन हिस्से शहरातले: मानेवाडा, मेडिकल चौक, सीताबर्डी, हिंगणा एमआयडीसी. उरलेले समृद्धीवर, आणि पावसाळ्यात चिखलदरा. गाडीत बहुतेक वेळा चौघे.

मला स्टीअरिंगमध्ये जीव हवा, ब्रेकवर भरवसा हवा आणि गिअर स्वतःच्या हाताने टाकायचाय. घरच्यांना मायलेज हवं आणि मे महिन्यात सिग्नलला थंडगार एसी.

१) चार मीटरच्या आत खरी हायब्रिड आणि चालवायलाही मजेदार असं काही आपल्याकडे आहे का? मारुतीच्या फ्राँक्स टर्बोला हायब्रिड म्हणतात, ते काय प्रकरण आहे?
२) ४५ अंशांत टर्बो दम सोडते म्हणतात, खरं का?
३) डीसीटी (दोन क्लचचं ऑटोमॅटिक) की मॅन्युअल?
४) टेस्ट ड्राइव्हला नेमकं काय बघायचं? शोरूमवाले एक चक्कर मारून परत आणतात.

इन्व्हर्टर_काका

पहिल्याचं उत्तर: नाही. चार मीटरच्या आत स्ट्राँग हायब्रिड (विजेची मोटर एकटीही गाडी चालवू शकते अशी) आणि स्पोर्टी, असं दोन्ही एकत्र आपल्या बाजारात मिळत नाही. मोटर, इन्व्हर्टर आणि बॅटरी यांचा खर्च लहान गाडीच्या किमतीत बसत नाही, जागेचा प्रश्न वेगळाच.

फ्राँक्सच्या १.० बूस्टरजेटवर (ताकद १०० पीएस, टॉर्क म्हणजे ओढ सुमारे १४८ एनएम) जे आहे ते माइल्ड हायब्रिड. स्टार्टर आणि अल्टरनेटर यांचं काम एकच यंत्र करतं. सिग्नलला इंजिन बंद करायचं, गुळगुळीत चालू करायचं, उचल घेताना थोडा हात द्यायचा, एवढंच. ते गाडीला एकट्याने पुढे नेऊ शकत नाही. इंजिन बंद झालं की कॉम्प्रेसरही थांबतो, त्यामुळे मे महिन्यात एसीसाठी सिस्टीम इंजिन पुन्हा चालू करते आणि शहरातली बचत नेमकी तिथेच आटते.

स्ट्राँग हायब्रिड म्हणजे टोयोटाची हायरायडर किंवा मारुतीची ग्रँड विटारा. १.५ लिटरचं तीन सिलेंडरी अ‍ॅटकिन्सन इंजिन ९२ पीएस, मोटर ८० पीएस, दोन्ही मिळून ११६ पीएसच्या आसपास. एआरएआयच्या अधिकृत चाचणीतलं मायलेज लिटरला २७.९७ किमी. कॉम्प्रेसर विजेवर चालतो, म्हणून इंजिन बंद असतानाही एसी थंडच राहतो. नागपूरकराला यातली सगळ्यात मोठी चैन मायलेजपेक्षा हीच वाटेल. बॅटरीला ८ वर्षं किंवा १.६ लाख किमी वॉरंटी.

मजेचं मात्र अवघड आहे. ई-सीव्हीटीमध्ये (हायब्रिडचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) ठरावीक गिअरच नाहीत. पाय पूर्ण दाबला की आवाज आधी चढतो, वेग मागून येतो. आणि बॅटरी फक्त ०.७६ किलोवॅट-तासाची. हिशेब करून बघा: तिची सगळीच्या सगळी वीज वापरली तरी दीड टनाची गाडी उभ्या उंचीत दोनशे मीटरही वर जात नाही, आणि सिस्टीम सगळी वीज कधीच वापरू देत नाही. परतवाड्याहून चिखलदऱ्याला (१,११८ मीटर) चढताना पहिल्या काही वळणांतच मोटरचा हात सैल होतो. पुढे भार ९२ पीएसवर, आणि इंजिन एकाच सुरात ओरडत राहतं. गाडी बिघडलेली नसते, तिची घडणच तशी आहे.

उतरताना उलटं. बॅटरी भरली की रिजन (वेग कमी करताना मोटरने बॅटरी भरणं) बंद होतं. बी मोड (उतारावरचं इंजिन ब्रेकिंग) टाकलात की इंजिन मोठ्याने फिरतं, पण ब्रेक तापत नाहीत. तो आवाज ऐकून घाबरू नका.

बॅटरी थंड ठेवायला पंखा केबिनमधलीच हवा ओढतो. ती जाळी कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये बघा, तिच्यावर बॅग किंवा चादर टाकू नका आणि सर्व्हिसला फिल्टर साफ केला का ते विचारा. जाळी धुळीने तुंबली की बॅटरी तापते आणि सिस्टीम मोटरची ताकद कमी करते.

धंतोली_डिफरेन्शियल

भाऊ, आधी पैशाचा हिशेब लाव, मग मजेचं पाहू. २२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोल १२०० सीसीच्या आत आणि लांबी ४ मीटरच्या आत असेल तर जीएसटी १८ टक्के, नाहीतर ४०. ह्युंदाईची आय२० एन लाइन, फ्राँक्स, महिंद्राची थ्रीएक्सओ १८ मध्ये बसतात. हायरायडर ४,३६५ मिमी लांब, ती ४० मध्ये. वर आपल्या राज्याचा रोड टॅक्स: पेट्रोलला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२. म्हणून स्ट्राँग हायब्रिड १८ लाख ऑनरोडमध्ये बसवणं कठीण आहे, लेखी कोटेशन घेऊन पाहा.

आता पेट्रोल १०५ रुपये धर. शहरात ७५० किमी, हायवेला २५०. टर्बोला शहरात ११ आणि हायवेला १५ धरले तर महिन्याला ८५ लिटर. हायब्रिडला २१ आणि १८ धरले तर ५० लिटर. हो, हायब्रिडचं मायलेज हायवेला कमी होते. १२० च्या वेगात रिजनला काही मिळतच नाही. फरक ३५ लिटरचा, म्हणजे ३,७०० रुपयांच्या आत. गाड्यांच्या किमतीत पाच लाखांचं अंतर असेल तर वसूल व्हायला अकरा वर्षं लागते, आणि बॅटरीची वॉरंटी आठला संपून राहिली. महिन्याला दोन हजार किमी असते तर साडेपाच वर्षांत जमलं असतं.

तुझ्या चालवण्याला हायब्रिड पैशात बसत नाही. एसीसाठी घ्यायची तर खुशाल घे, पण मायलेजचं कारण सांगू नको.

आयएटी_६०

दुसरा प्रश्न. खरं आहे, पण सरसकट नाही. टर्बो हवा दाबते, दाबलेली हवा तापते, इंटरकूलर ती थंड करतो. इंटरकूलरला थंडावा मिळतो बाहेरच्या वाऱ्याने. गाडी उभी असली की वारा नाही, उलट रेडिएटर आणि एसी कंडेन्सरची धग बॉनेटखाली साचते. व्हेरायटी चौकात तीन सिग्नल खाऊन पाय दाबलात की आत जाणारी हवा इतकी गरम असते की नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटणं) टाळायला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठिणगी उशिरा टाकतो. मग गाडी सुस्त वाटते. दोन-तीन किमी मोकळा रस्ता मिळाला की पूर्ववत होते. म्हणजे हायवेला ओव्हरटेकच्या वेळी फारसा फरक पडत नाही, जाणवतो तो शहरातच.

स्वतः बघायचं असेल तर ईएलएम ३२७ डोंगल ओबीडी पोर्टला (गाडीच्या तपासणीचा सॉकेट) लावा आणि ‘इनटेक एअर टेम्परेचर’ वाचा. बाहेरच्या तापमानापेक्षा १०-१५ अंश वर असेल तर ठीक. चालत्या गाडीतही ते ६०च्या वर अडकून राहिलं तर इंटरकूलरच्या पट्ट्यांत माती, किडे किंवा कापूस अडकलाय का ते बघा. हलक्या दाबाच्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशरने पट्ट्या वाकतात.

लहान टर्बो जीडीआय (पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये फवारणाऱ्या) इंजिनाची खरी खोड वेगळीच आहे. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये १,२००-१,४०० आरपीएमवर पाय पूर्ण दाबायचा नाही. त्या स्थितीत मिश्रण ठिणगीआधीच पेटू शकतं आणि पिस्टनला तडा जाऊ शकतो. एक गिअर खाली टाका, मग दाबा. ऑइल एपीआय एसपी दर्जाचं, ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल तोच. समृद्धीवरून उतरल्यावर शेवटचे दोन-तीन किमी सावकाश चालवा, लगेच इंजिन बंद करू नका.

डीसीटी: आय२० एन लाइनमधला सात गिअरचा डीसीटी ड्राय क्लचचा आहे. ब्रेक पक्का दाबून ठेवलात तर क्लच सुटलेला असतो, त्रास नाही. ब्रेक अर्धवट सोडून इंच-इंच सरकवलं की क्लच घासतो आणि तापतो. पुढे एका गाडीइतकी जागा झाली की एकदम जा. पुलाच्या चढावर एक्सलेटरवर गाडी तोलून धरू नका. ही शिस्त घरातले सगळे पाळणार नसतील तर मॅन्युअल घ्या, नाहीतर टॉर्क कन्व्हर्टर (क्लच न घासणारं ऑटोमॅटिक).

धंतोली_डिफरेन्शियल

गर्दीत क्लच दाबून-दाबून पाय दुखला की मॅन्युअलवालेच ऑटोमॅटिक विकत घेतात, तेही लिहून ठेव.

तिसरा_गिअर

नुसते पीएस बघून गाडी घेऊ नका. नवीन स्विफ्ट ८२ पीएसची आहे, तीन सिलेंडर, टर्बो नाही. पण हलकी आहे, वळणात पुढचं टोक चटकन आत येतं. थ्रीएक्सओच्या टीजीडीआय टर्बो इंजिनाला १३१ पीएस आणि २३० एनएम, चारही चाकांना डिस्क, समृद्धीवर तिच्यापुढे स्विफ्ट टिकणार नाही. पण उंच असल्याने घाटात अंग टाकते. आय२० एन लाइन दोन्हींच्या मधली: १२० पीएस, १७२ एनएम, सहा गिअरचं मॅन्युअल, साध्या आय२०पेक्षा कडक सस्पेन्शन आणि जड स्टीअरिंग, चारही डिस्क. चार मीटरच्या आत, नवी, तुमच्या यादीला सगळ्यात जवळची माझ्या मते हीच. सिमेंट रोडच्या सांध्यांवर ती ठकठक करणार, मागे बसलेले कुरकुरणार; त्यांना आधीच बसवून दाखवा.

टेस्ट ड्राइव्ह. दुपारी दोन ते चारमध्ये मागा, चौघे बसा, एसी पूर्ण. रस्ता तुम्ही सांगा: सिमेंटचा तुकडा, एक उड्डाणपूल, आउटर रिंगरोडचा मोकळा भाग आणि एक यू-टर्न.

तिसऱ्या गिअरमध्ये ४०वर येऊन सावकाश पाय वाढवा, ढकल कुठून सुरू होते ते बघा. १,८०० आरपीएमच्या आधी नसेल तर गर्दीत सारखा दुसरा टाकावा लागेल. स्पीडब्रेकर दुसऱ्या गिअरमध्ये पार करा. गाडी रडत असेल तर चौघांचं वजन तिला झेपत नाही. मागे कोणी नाही हे आरशात बघून ६०वरून दोनदा जोरात ब्रेक मारा: गाडी सरळ राहते का, दुसऱ्यांदा पेडल खोल जातं का? ८०वर स्टीअरिंग बोटभर हलवा. गाडीने लगेच दिशा घेतली पाहिजे, मधे मोकळी जागा जाणवली तर ती घाटात थकवते. डाव्या पायाला टेकायला जागा आहे का, क्लच पेडलच्या मधे पकडतो की अगदी वर, हेही बघा.

हायब्रिड चालवून बघणार असाल तर ताशी १० किमीच्या खाली थांबतानाचा ब्रेक नीट अनुभवा. तिथे रिजन संपून पॅड काम सुरू करतात आणि काही गाड्यांत पेडलचा स्वभाव बदलतो. ज्याला ब्रेकची नजाकत कळते त्याला हे रोज खटकेल.

स्टेपनी_सिंग

टायरचं कोणीच लिहिलं नाही. समृद्धीचं काँक्रीट, मे महिना आणि १२०ची मर्यादा: इथे इंजिनाआधी टायर दगा देतात. हवा सकाळी थंड टायरला तपासा. तापमान साधारण साडेपाच अंश वाढलं की दाब एक पीएसआय चढतो, म्हणून दुपारी जास्त दिसला म्हणून हवा सोडायची नाही. चौघे आणि सामान असेल तर दाराच्या स्टिकरवरचा पूर्ण भाराचा आकडा ठेवा. कमी हवेचा टायर बाजूने जास्त दुमडतो, त्यातूनच तापतो आणि फुटतो.

बाजूवरचा चार अंकी कोड वाचा: २३२४ म्हणजे २०२४चा २३वा आठवडा. वेगाचं अक्षर टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०.

स्विफ्ट घेऊन टायर मोठे करायचा विचार असेल तर १८५/६५ आर१५च्या जागी १९५/५५ आर१६. बाहेरचा व्यास जवळपास तेवढाच राहतो. १९५/६५ आर१५ टाकलात तर व्यास वाढतो, स्पीडोमीटर कमी दाखवतो आणि उचल मंदावते.

मानेवाडा_मॅन्युअल

भरपूर मिळालं. हायब्रिड यादीतून काढली. आता एन लाइन मॅन्युअल, नाहीतर फोक्सवॅगनची सेकंडहँड पोलो १.० टीएसआय (टर्बो पेट्रोल). पोलोत काय बघू? आणि रिमॅप केलेली (ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली) मिळत असेल तर?

तिसरा_गिअर

पोलो १.० टीएसआय २०२० ते २०२२, ११० पीएस, १७५ एनएम. गाडी रात्रभर उभी असेल तेव्हा जा, इंजिन थंड असताना स्वतः चालू करा. आधीच गरम करून ठेवली असेल तर परत दुसऱ्या दिवशी. ओबीडीला सगळे मॉड्यूल स्कॅन करा, नुसतं इंजिन नाही. ऑटोमॅटिक टाळा, घ्यायचीच असेल तर गर्दीत अर्धा तास चालवून पहिल्या-दुसऱ्यात झटका येतो का ते बघा. इंधनाचे पाइप आणि सील हात लावून तपासा: ई२०ला (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) चालणारे भाग १ एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत सक्तीचे झाले, ही त्याआधीची. वास येत असेल किंवा रबर फुगलं असेल तर भाव कमी करा, नाहीतर सोडा.

आयएटी_६०

रिमॅप केलेली घेऊ नका. ४५ अंशांत ईसीयू जी ताकद स्वतःहून मागे घेतो, ती रिमॅपमध्ये जबरदस्तीने मागितली जाते. आधीच्या मालकाने ती किती वेळ मागितली ते कुठे दिसत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल चालत नाही, आणि दाव्याच्या वेळी विमा कंपनी तेवढंच धरून बसते. तेच पैसे चांगले टायर, पॅड आणि ताज्या डॉट ४ ब्रेक ऑइलवर घाला; ते दर दोन वर्षांनी बदलायचं, कारण ते हवेतलं पाणी शोषतं आणि चिखलदऱ्याच्या उतारावर उकळतं.

धंतोली_डिफरेन्शियल

आणि भाऊ, सेकंडहँड घेतली तर आरसी नावावर होऊन राहिली म्हणून विमा तसाच ठेवू नको. मालकी बदलली की १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घे. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस गाडीसोबत येत नाही, तो त्याच्याकडेच राहते. हप्त्यातला तेवढा फरक किंमत ठरवतानाच मोजून ठेव.