बीलिट्झचं ओसाड टीबी सॅनेटोरियम: फोटोसाठी आत जाऊ देतात का?

रानवाट:
कामानिमित्त बर्लिनला आहे, जवळच बीलिट्झ-हाइलश्टेटन आहे ना, तिथले ते रिकामे वॉर्ड आणि पोपडे निघालेल्या भिंती शूट करायची फार इच्छा आहे. कुणी गेलंय का? ट्रायपॉड चालतो का?

मुक्ता_क:
कुंपणावरून उडी मारून अजिबात जाऊ नका हो, तिथे तो सरळ गुन्हा आहे आणि जुन्या मजल्यांची जमीन कुठे खचेल सांगता येत नाही. गाइडेड टूर घ्या. आणि नुसती पडकी इमारत म्हणून बघू नका, १८९८ पासून बर्लिनच्या विमा संस्थेने कामगारांसाठी बांधलंय हे, रेल्वेच्या उत्तरेला टीबीवाले, दक्षिणेला बाकीचे पेशंट, पश्चिमेला बायका, पूर्वेला पुरुष, सगळं आखीव. १९४५ पासून १९९४ पर्यंत सोव्हिएत सैन्याचं हॉस्पिटल होतं.

सह्यकडा:
+१. अल्पेनहाउस चुकवू नका, युद्धात जळालेली इमारत आणि आता छतावर अख्खं रान माजलंय, वरून झाडांच्या उंचीवरचा पूल केलाय २०१५ मध्ये, तिथून मस्त दिसतं. आतल्या फोटोंचं म्हणाल तर खिडकीबाहेर लख्ख ऊन आणि खोलीत काळोख, एका फोटोत मावतच नाही, म्हणून तीन-चार वेगवेगळी एक्सपोजर घ्या, म्हणजे तोच फोटो कमी-जास्त उजेडात काढून नंतर एकत्र जोडा, कॅमेरा लेव्हलला धरा नाहीतर वाइड लेन्सने खांब कलतात. ट्रायपॉडचं बुकिंग करतानाच विचारा. धुळीसाठी मास्क ठेवाच.

रानवाट:
खूप आभार दोघांचे, आजच टूर बघतो.