मदत हवी आहे: हर्लिंग खेळताना मुलाची क्रिकेटची पकड सुटत नाही

आयर्लंडमधल्या मंडळींपैकी कोणाची मुलं जीएएच्या (गेलिक खेळांची आयरिश संघटना) क्लबात हर्लिंग, म्हणजे काठी-चेंडूचा आयरिश खेळ, खेळतात का? आम्ही कॉर्कला असतो. मुलगा नऊ वर्षांखालच्या गटात जातो. कडेला उभ्या राहणाऱ्या पालकांना इथे लवकरच कामाला लावतात, त्यामुळे आता माझ्याही हातात शिट्टी आणि मैदानावर मांडायचे कोन आले आहेत.

मुख्य अडचण पकडीची. तो उजवा, घरी क्रिकेटवर वाढलेला. बॅटवर डावा हात वर आणि उजवा खाली. हर्लीवर, म्हणजे हर्लिंगच्या पसरट टोकाच्या काठीवर, बरोबर उलटं, उजवा वर. कारण मला पटतं: चेंडू उचलताना किंवा हर्लीवर तोलत पळताना ती एकट्या वरच्या हातात राहते आणि दुसरा हात झेलायला मोकळा लागतो. सांगितलं की नीट धरतो, पण जोरात मारायची वेळ आली की हात पुन्हा क्रिकेटवर! आमच्या गटात अशी आणखीही मुलं आहेत, सगळी काही देशी नाहीत.

दुसरं सामानाचं. अ‍ॅशची झाडं रोगाने मरताहेत म्हणून त्यांच्या लाकडाची हर्ली महागली, असं दुकानात ऐकवतात आणि कृत्रिम हर्ली पुढे करतात. ती लहान हातांना झणझणते का? आणि स्लिटर, म्हणजे हर्लिंगचा चेंडू, कुठला घ्यावा? मोठ्यांचा 110 ते 116 ग्रॅमचा असतो, तो बोटांवर बसला की पोरगं दुसऱ्यांदा हात पुढे करत नाही. हेल्मेटबद्दल विचारत नाही. 2010 पासून ते सगळ्यांनाच सक्तीचं आहे.

घरामागे जागा जेमतेम, पण एक भिंत मोकळी आहे.

प्रतिसाद

दोन्ही हातांनी मारणं काही दिवस बंदच करा. फक्त उजव्या हातात हर्ली, तिच्या पसरट टोकावर टेनिसचा चेंडू तोलत चालणं, मग टप टप उडवणं, मग डाव्या हाताने झेलणं. भिंतीवरही आधी जवळून, एकाच हाताने. वरच्या हाताच्या जागी रंगीत टेप लावा आणि त्याच रंगाची उजव्या मनगटावर. डावा हात फटक्याच्या वेळीच येऊन उजव्याखाली बसेल.

चेंडू उचलणं शिकवताना तो आधी स्थिर ठेवा. पाय चेंडूशेजारी, गुडघे वाकलेले, हर्ली जवळजवळ जमिनीला समांतर, अंगठे पसरट टोकाकडे. बहुतेक मुलं कमरेतून वाकतात, गुडघ्यांतून नाही, आणि मग हर्ली मातीत रुतते.

हर्ली पायाशी उभी धरली की कमरेच्या हाडापर्यंत यावी. 'वाढत्या अंगाची' म्हणून लांब घेऊ नका, पकड सगळ्यात जास्त त्यानेच बिघडते. स्लिटर लहान मुलांसाठीचा मऊ, हलका मिळतो, तोच घ्या. कृत्रिम हर्ली आमच्याकडे भिंतीसाठी आहे, सामन्याला अ‍ॅशचीच. झणझण्या दोन्हींनी येतात, थंडीत तर हमखास.

आणि गटाच्या सरावात मुलांच्या रांगा लावू नका. दोघांत एक चेंडू द्या.